ऑइलचा दिवा आणि ह्यांचे कान

आमच्या पिकअपमध्ये स्टिअरिंगच्या मागे एक लाल दिवा आहे आणि त्यावर किटलीचं चित्र आहे. अंगणवाडीतून निवृत्त झाल्यावर मी ह्यांच्याबरोबर गाडीत बसायला लागले, तेव्हा पहिल्याच दिवशी विचारलं, "हे काय, चहाला थांबायची वेळ झाली की पेटतं वाटतं?" माझा नवरा एवढा हसला की गाडी बाजूला घ्यावी लागली. मग त्यांनी नीट समजावून सांगितलं. ती किटली नाही, तेलाची बुधली आहे. चावी फिरवली की दिवा पेटतो, इंजिन सुरू झालं की विझतो. विझला म्हणजे इंजिनात ऑइल फिरतंय, प्रेशर आहे. गाडी चालू असताना पेटला तर जिथे असू तिथे थांबायचं आणि इंजिन बंद करायचं. "बाकीचे दिवे खोटं बोलले तरी चालतं," हे म्हणाले. "ह्याच्याशी खेळायचं नाही."

आणि एके दिवशी तो दिवा पेटला, तेव्हा त्याच्याशी खेळत बसणारे हेच निघाले.

आमचं काम झाडांचं. खडवलीच्या नर्सऱ्यांतून कुंड्या आणि रोपं भरायची आणि ठाणे, कळवा, डोंबिवलीतल्या सोसायट्यांत पोचवायची. लोकांना कुठल्या मजल्यावर काय हवं असेल ते सांगता येत नाही. कुणाला बाल्कनीत फणस हवा असतो. एका बाईंनी आंब्याचं कलम घेतलं आणि मोहर कोणत्या आठवड्यात येईल ते मला विचारलं. मी म्हटलं, झाडाला विचारून कळवते. मला हे काम आवडतं. ह्यांच्या शेजारी बसायचं, मागे शेवंती डोलतेय, आणि टिटवाळ्यापासून पुढे रस्ता मोकळा. गाडी जुनी आहे, आमची मुलगी शाळेत जायची तेव्हापासूनची, पण ह्यांनी ती स्वतःच्या हातानं सांभाळलीय.

पण मला सांगायचंय ते नुसतं दिव्याचं नाही. ह्यांना ऐकू येईनासं झालं होतं आणि हे ते कबूल करत नव्हते. माझी सगळी नोकरी लहान मुलांत गेली. कुठल्या मुलाला कमी ऐकू येतं ते मला पाळण्यातल्या पोराकडे बघून कळायचं, मग घरातलं एवढं मोठं बाळ कसं कळणार नाही? बोलताना हे माझ्या डोळ्यांकडे न बघता तोंडाकडे बघायला लागले. पाठमोरे असले की उत्तर द्यायचे नाहीत, आणि दिलं तर भलतंच. मी विचारावं, "भाजी कोणती करू?" आणि ह्यांनी म्हणावं, "हो, उद्या बघू." चारचौघांत सगळे हसले की हे हसायचे, पण एक क्षण उशिरा. फोन वाजला की म्हणायचे, "तू घे गं, माझे हात तेलाचे आहेत." रविवारी अंघोळ करून पांढरा सदरा घालून बसलेल्या माणसाचे हात तेलाचे कसे असतील?

आम्ही मोहन्याला राहतो, जुन्या कारखान्याच्या बाजूला, चाळीत. चाळीतली भिंत म्हणजे नावाला भिंत. ह्यांना ऐकू जावं म्हणून मी जे बोलायची ते दोन्हीकडच्या शेजाऱ्यांना आधी ऐकू जायचं. त्यामुळे हळूहळू ओरडून सांगण्यासारखं तेवढंच बोलणं उरलं. जेवायला या. गॅस संपला. पाणी आलं. बाकीचं सगळं, दिवे मालवल्यावर नवराबायको जे उगाच पुटपुटत पडतात ते, बंद पडलं. अशा गोष्टी कुणी ओरडून सांगतं का? मला त्याचं फार वाईट वाटायचं. माणूस शेजारी होता आणि मला त्याची आठवण यायची.

कानांच्या डॉक्टरांचं नाव काढलं की हे चिडायचे. त्याला कारण होतं. ह्यांची सगळी ऐट कानांवर होती. नाक्यावरचे ड्रायव्हर आपापल्या गाड्या घेऊन यायचे, इंजिन चालू करायचे, आणि हे डोळे मिटून, मान तिरकी करून ऐकायचे. मग सांगायचे, पंख्याचा पट्टा सैल आहे, किंवा अमुक बेअरिंग बोलतंय. बॉनेटला हात लावायची गरज पडायची नाही. अशा माणसानं आपले कान गेले म्हणून कसं सांगावं? आणि कान गेले तर गाडी कशी चालवायची, ही भीती त्याच्याही खाली होती. ती मला दिसायची.

आता दिवाळीचं सांगते, कारण घोळ तिथे झाला. चाळीच्या अंगणात दिवाळीला सगळ्या बायका मिळून एक मोठी ठिपक्यांची रांगोळी काढतो. वर्षभर त्याच जागेवर आमची पिकअप उभी असते. गाडीचं चेंबर, म्हणजे इंजिनाच्या खाली ऑइल साठतं ते पत्र्याचं भांडं, थोडं गळत होतं. जमिनीत तेल मुरलं की त्यावर गेरू धरत नाही, पांढरी रांगोळी काळी पडते. समोरची शेजारीण हसत हसत म्हणाली, "काका, तुमच्या गाडीनं ठिपके आधीच काढून ठेवलेत. आम्ही आपल्या रेघा जोडतो." सगळ्या हसल्या. हे पण हसले, उशिरा का होईना. पण ह्यांना ते लागलं. दिवाळीच्या आधीच्या रविवारी गाडीखाली झोपून ह्यांनी स्वतः चेंबर उतरवलं, नवं पॅकिंग घातलं, आणि पुन्हा म्हणून गळायला नको यासाठी त्यावर सांधा बुजवायची रबरी पेस्ट लावली. पुरणपोळीवर तूप घालावं तशी सढळ हातानं लावली. मग सोडा आणि तारेचा ब्रश घेऊन अंगण घासलं. त्या वर्षी रांगोळी इतकी सुरेख उठली की लांबून लोक बघायला आले. गळणं बंद झालं. हे खूष होते.

दिवा पहिल्यांदा पेटला तो दिवाळीनंतर, टिटवाळ्याच्या वळणावर. पुढे विटांचा ट्रक वळत होता म्हणून आम्ही थांबलो, आणि किटली लुकलुकली.

"अहो, चहाची वेळ झाली बघा," मी ओरडले.

ह्यांनी पाहिलं. थोडी रेस दिली, दिवा विझला. गाडी कडेला घेऊन इंजिन बंद केलं, थोडं थांबून ऑइलची पट्टी काढली, पुसली, पुन्हा बुडवून काढली. ऑइल दोन खुणांच्या मधोमध होतं. चिमटीत घेऊन चोळलं, वास घेतला. "ऑइल भरपूर आहे, पातळही झालेलं नाही. मग प्रेशर जाईल कुठे? स्विच गेलाय. दिवा खोटं बोलतोय."

"हा दिवा खोटं बोलत नाही असं कोण म्हणालेलं?"

ह्यांना ते ऐकू आलं नाही, किंवा आलंही असेल. ह्यांनी इंजिन चालू केलं आणि बॉनेट उघडलं. "प्रेशर खरंच कमी असतं ना, तर वर झडपा हलवणाऱ्या टॅपेटपर्यंत ऑइल पोचलं नसतं आणि टकटक झाली असती. आहे का टकटक?"

टकटक होती. मला स्पष्ट ऐकू येत होती. शिवणयंत्र चालावं तशी, बारीक आणि भरभर. मी म्हटलं, "आहे की!" ह्यांनी डोळे मिटले, मान तिरकी केली, आणि नेहमीसारखं ऐकलं. मग हसून म्हणाले, "काही नाही गं. गाणं म्हणतेय गाडी."

टकटक आमच्या दोघांच्या मधोमध चालली होती, आणि ज्या माणसानं मला इंजिनाचे सगळे आवाज शिकवले तो तिथे उभा राहून समाधानानं हसत होता. मी गाडीत जाऊन बसले.

ह्यांनी नवा स्विच बसवला. एकदोन दिवस दिवा शहाण्यासारखा वागला आणि ह्यांनी मला चिडवून घेतलं. मग पुन्हा पेटायला लागला. हे म्हणाले, वायरिंग आहे. मी तोवर त्या दिव्याकडे टक लावून बसायला शिकले होते, त्यामुळे एक गोष्ट ध्यानात आली होती. कुंड्या उतरवायला इंजिन बंद करून थांबलं की निघताना दिवा ठीक असायचा. थोडं अंतर गेलं, की पुढच्या सिग्नलला लुकलुक सुरू. मी ते ह्यांना सांगितलंही, पण पाठीमागून सांगितलं असणार.

मग एक दिवस खडवलीच्या नर्सरीत माल भरून झाला, आम्ही गाडीत बसलो, ह्यांनी चावी फिरवली, आणि सकाळी घरून निघताना पेटलेला दिवा या वेळी पेटलाच नाही. इंजिन चालू व्हायच्या आधी तो पेटायला हवा. बाकी सगळे पेटले, किटली काळीच. इंजिन सुरू झालं, टकटकही सुरू झाली.

मी हात पुढे करून चावी बंद केली. "वायर काढलीत तुम्ही त्याची."

ह्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं. कळलं ह्यांना. "तू घाबरतेस म्हणून काढली गं."

"मी घाबरते म्हणून! उतरा खाली."

माझा आवाज असा चढला की वाफ्यातलं गवत काढणारी नर्सरीवाली उठून उभी राहिली. हे मुकाट्यानं उतरले. मलाही माहीत नव्हतं मी पुढे काय करणार आहे. मग मी अंगणवाडीत करायचे तेच केलं.

मुलाला ऐकू येतं का ते बघायची आमची साधी रीत होती. मुलाला खेळण्यात गुंतवायचं, आपण त्याच्या मागे जायचं, आणि खुळखुळा वाजवायचा नाहीतर हाक मारायची. मूल वळलं तर ठीक. त्याची आई समोर उभी असते. तिला मान हलवायची नाही, खूण करायची नाही, असं बजावलेलं असतं, आणि मूल वळावं म्हणून तिचा जीव टांगणीला लागलेला असतो. मी कितीतरी आयांना तसं उभं राहिलेलं पाहिलंय, आणि त्यांच्या खांद्यावर हात ठेवून "काही नाही होत" असं सहज म्हटलंय. ते किती कठीण असतं ते मला त्या दिवशी समजलं.

मी ह्यांना म्हटलं, "तिकडे तोंड करा, गुलाबांकडे. मी काय बोलते ते ऐकून सांगा."

"काय पोरखेळ लावलायस," हे म्हणाले, पण वळले. हात मागे बांधून, शाळेत शिक्षा झाल्यासारखे उभे राहिले. ह्यांच्या मानेवरचे केस सगळे पांढरे झालेत, ते मला तेव्हाच दिसलं.

मी घरात बोलावं तशी बोलले. "चहा घेणार?"

काही नाही. नर्सरीवाली तिकडून म्हणाली, "ठेवते हां काकी." तिला वाफ्याच्या पलीकडून ऐकू गेलं होतं.

मी जरा मोठ्यानं म्हटलं, "अहो, चहा." हे गुलाबांकडे बघत उभे. मग मला काय वाटलं कुणास ठाऊक, मी आवाज खाली आणला आणि म्हटलं, "मला तुमच्याशी पहिल्यासारखं बोलायचंय हो."

ह्यांना वाटलं, मी अजून बोललेच नाही. मग म्हणाले, "बोल की मग. किती वेळ उभा करतेस?" आणि हसत वळले. मला पाहिलं आणि हसणं तिथेच राहिलं. मी रडत होते.

हे गाडीच्या पायरीवर बसले. मग नाक्यावरच्या ड्रायव्हरला गाडीबद्दल विचारायचे त्याच सुरात मला विचारलं, "कधीपासून आहे?"

"गेल्या वर्षीच्या दिवाळीच्या आधीपासून."

"तू आधी का नाही सांगितलंस?"

"किती वेळा सांगितलं. ऐकू आलं नाही तुम्हाला."

यावर आम्ही दोघंही हसलो, आणि ते फार बरं झालं. मग ह्यांनी तोंड पुसलं. "म्हणजे टकटक खरी आहे?"

"खरी आहे. टिटवाळ्यापासून."

हे एकदम उठले. कानांचं दुःख बाजूला पडलं आणि गाडीची काळजी वर आली, आणि माझा नवरा मला पुन्हा ओळखीचा दिसायला लागला. "कसा आवाज आहे सांग. वरून येतो का खालून? दारावर मूठ मारल्यासारखा जड आहे का?"

"नाही. वरून. शिवणयंत्रासारखा."

"तसं नाही कळत मला. दाखव."

हे सीटवर बसले, इंजिन चालू केलं, आणि खिडकीतून हात बाहेर काढला, तळवा वर करून. मी बॉनेटजवळ कान नेला आणि ह्यांच्या तळव्यावर नखानं तो आवाज वाजवायला लागले. टिक टिक टिक टिक. ह्यांनी हळूच रेस दिली तसं माझं बोट भरभर चालायला लागलं. रेस सोडली, बोट मंद झालं. ह्यांनी डोळे मिटले होते आणि मान तिरकी केली होती. त्या हातावर ऑइलचे काळे भेगाळलेले डाग आहेत, ते कधीच जात नाहीत. तो हात असा माझ्यापुढे उघडा होता आणि हे त्यातून ऐकत होते. एवढ्या वर्षांच्या संसारात मला ह्यांच्याबद्दल एवढी माया कधी वाटली नसेल.

ह्यांनी लगेच इंजिन बंद केलं. "बेअरिंग नाही. बेअरिंग गेलं असतं तर खालून ठोके पडले असते. टॅपेट उपाशी आहेत नुसते. ऑइल वर पोचत नाहीये." मग खिशातून फोन काढून माझ्या हातात दिला. "मेकॅनिकला लाव. तूच बोल. मला फोनवर कळत नाही." तेलाच्या हातांचा विषय त्या दिवशी संपला.

मेकॅनिक शहाडहून बाइकवर आला. ह्यांच्या ओळखीचा, चांगला माणूस. पिशवीत प्रेशरचं मीटर आणलं होतं. ऑइलचा स्विच काढून त्या जागी मीटरची नळी बसवली आणि इंजिन चालू केलं. काटा वर गेला, थोडा वेळ तिथे राहिला, आणि मग खाली यायला लागला. लटपटत लटपटत जवळजवळ तळाला आला.

"काका, दिवा खोटं बोलत नव्हता. प्रेशर खरंच नाहीये," मेकॅनिक मीटरकडे बघत म्हणाला. "आणि टॅपेट केवढे वाजतायत! तुम्हाला आवाज कसा नाही आला? तुम्हाला तर नाक्यावरून येतो."

तो मीटरकडे बघत बोलला होता, त्यामुळे ह्यांना शब्द कळले नाहीत. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी सवयीनं तोंड उघडलं. काहीतरी सारवासारव करणारच होते. ह्यांनी हात वर करून मला थांबवलं.

"मला हल्ली कमी ऐकू येतं रे," हे त्याला म्हणाले. "जरा माझ्याकडे बघून बोल."

मेकॅनिकनं वर पाहिलं. "बरं काका," तो म्हणाला, आणि पुढचं सगळं ह्यांच्याकडे तोंड करून बोलला. एवढंच झालं. ज्याची ह्यांना इतके महिने धास्ती होती ते एवढ्यातच उरकलं. मी मात्र एका पालथ्या कुंडीवर बसले. नर्सरीवालीनं चहा आणून दिला.

मेकॅनिकचं म्हणणं पडलं, जुनं इंजिन आहे, आतून झिजलंय, खोलावं लागेल. "नाहीतर काका, काढून टाका आता. तुमचंही वय झालं." ह्यांनी नाही म्हणून मान हलवली. "थांब. इंजिन बंद कर. चहा पी. मग गरम इंजिनावर परत चालू कर आणि काटा बघ."

चहा झाला. इंजिन पुन्हा चालू केलं. काटा पुन्हा झोकात वर गेला, आणि थोड्या वेळानं पुन्हा ढेपाळला.

"झिजलं असतं तर गरम इंजिनाला पहिल्यापासूनच प्रेशर दिसलं नसतं," हे म्हणाले. "बंद केल्यावर काहीतरी सुटतंय, चालू केल्यावर परत ओढलं जातंय. ऑइल ओढणाऱ्या पंपाच्या तोंडावरच्या जाळीला काहीतरी चिकटतंय. चेंबर उतरव."

मी म्हटलं, "मी सांगत होतेच की! थांबलं की दिवा बरा होतो म्हणून."

"हे तू कधी सांगितलंस?" ह्यांनी विचारलं, आणि मग स्वतःच म्हणाले, "असू दे, असू दे."

नर्सरीवालीच्या घमेल्यात ऑइल काढलं, आणि दोघं गाडीखाली गेले. मला फक्त चार पाय दिसत होते. चेंबरचा पत्रा सुटायला बराच वेळ लागला. मेकॅनिकच्या तोंडून असे काही शब्द आले की नर्सरीवाली हसत आत निघून गेली. "कुणी लावलीय एवढी पेस्ट!" तो खालून ओरडला. "चेंबर लावलंय का भिंत बांधलीय?"

ह्यांनी जाळी बाहेर आणून मला दाखवली. त्यावर राखाडी रबराचे लांब तुकडे चिकटले होते, शेवयांसारखे. पॅकिंगवर चोपडलेली पेस्ट आतल्या बाजूला दबून सुकली होती, आणि तुकडे पडून पडून जाळीला बसले होते. अंगणातल्या रांगोळीवर तेलाचा थेंब पडू नये म्हणून ह्यांनी गाडीचा गळाच आवळला होता.

"कुणी लावली काका?" मेकॅनिकनं पुन्हा विचारलं, ह्यांच्याकडे बघून.

"चाळीतल्या बायकांनी," हे म्हणाले. आणि मी इतकी हसले की चहा सांडला.

जाळी धुतली, चेंबर आतून पुसलं, नवं पॅकिंग बसवलं. ह्या वेळी पेस्टची ट्यूब मी माझ्या हातात ठेवली होती. नवं ऑइल भरलं, जुनी वायर जागच्या जागी लावली. इंजिन चालू केलं आणि काटा वर जाऊन तिथेच उभा राहिला. टकटक आधी विरळ झाली, मग थांबली. मेकॅनिक मीटर बघत होता. हे माझ्याकडे बघत होते. मी मान हलवली, आणि ह्यांनी बॉनेट बंद केलं.

कानांच्या डॉक्टरांकडे कल्याणला जायचं मी म्हटलंच नाही. ह्यांनीच काढलं. "गाडीचं मीटर लावून बघितलं, आता माझं लावून बघू," हे म्हणाले. तिथे एका काचेच्या खोलीत ह्यांना बसवलं, कानांवर हेडफोन चढवले, आणि आवाज आला की बोट वर करा म्हणून सांगितलं. मी काचेबाहेर होते. थोड्या वेळानं पाहिलं तर हे माझ्या चेहऱ्याकडे बघत होते, आवाज झाला का ते शोधत. मला काहीच ऐकू येत नव्हतं, तरी मान हलवावी असं वाटलं. एकदा नाही, सारखं वाटलं. शेवटी मी भिंतीकडे तोंड केलं आणि ह्यांची तपासणी संपेपर्यंत तशीच उभी राहिले.

काही दिवसांनी कानाचं मशीन मिळालं. डॉक्टरांचा जिना उतरतानाच हे म्हणाले, "माझ्या चपला एवढ्या वाजतात?" खाली गाडीत बसलो. ह्यांनी चावी फिरवली, किटली पेटली, इंजिन सुरू झालं, किटली विझली. हे हात मांडीवर ठेवून नुसते ऐकत बसले. मागून कुणी हॉर्न दिला तेव्हा दचकले, आणि दचकल्याचा आनंद ह्यांच्या तोंडावर एवढा होता की मी हॉर्नवाल्याला मनातल्या मनात आशीर्वाद दिला.

"विझला हो दिवा!" मी म्हटलं.

ह्यांनी कानाला हात लावला. "अगं, ओरडतेस कशाला? इथेच तर बसलोय."

मी चिडणार होते. ज्यांच्यापायी ओरडत आले त्यांनीच हे म्हणावं! पण मग माझ्या लक्षात आलं की हळू कसं बोलायचं ते मीच विसरलेय. कुठल्या आवाजात बोलत होते मी ह्यांच्याशी, आधी? चौक ओलांडला, बाजार मागे पडला, तरी मला तो आवाज सापडेना. शहाडच्या पुलावर चढताना मी कसंबसं, पुटपुटल्यासारखं म्हटलं, "मला वाटलेलं, आपण दोघं आता असंच ओरडत म्हातारे होणार."

समोर ट्रक होता. ह्यांची नजर रस्त्यावर होती आणि ती रस्त्यावरच राहिली. माझ्या तोंडाकडे बघायला हे वळले नाहीत.

"म्हातारे तर झालोच," हे म्हणाले. "ओरडणं तेवढं सोडू."

मग मी त्याहूनही हळू आणखी एक गोष्ट बोलले. ती काही मी इथे लिहिणार नाही. पण ह्यांना ती ऐकू आली, कारण पूल उतरेपर्यंत हे लाजत होते.